धुण्यात विरलेले दुपटे

घरातली एखादी वस्तू मोडली किंवा फाटली की तिचे पुढे काय करावे, हा प्रश्न एरवी सोयीचा असतो, नीतीचा नसतो. कपाचा कान तुटला तर कप टाकून देतात. सदऱ्याची शिवण उसवली तर शिंप्याकडे नेतात. त्यासाठी कोणी रात्रभर जागत नाही. परंतु आजीने स्वतःच्या हातांनी शिवलेले बाळाचे दुपटे धुण्यात फाटले, तर त्याच घरात दोन दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही, असा अनुभव पुष्कळ वाचकांना असेल. बाजारभावाने पाहिले तर त्या दुपट्याची किंमत शून्य. ते जुन्या लुगड्याचे, आत भर जुन्या धोतराची. कोणी विकत घेणार नाही, कोणी चोरूनही नेणार नाही. मग एवढे घर हलते कशाने? आणि जे हलले ते पुन्हा जागेवर बसवायचे कसे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

आधी वस्तू नीट ओळखून घेऊ. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत, तसेच सगळ्या देशावर, जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी शिवतात. कोणी तिला वाकळ म्हणते. दुपटे म्हणजे तिचे धाकटे भावंड. नावातच सांगितल्याप्रमाणे ते दोन पदरांचे. कधी मध्ये एखादे विरलेले फडके घालून तीन पदरांचे करतात. लांबी फार तर दोन हात. लुगडे नवे कोरे असून चालत नाही. नव्या कापडाला खळ असते, ते अंगाला टोचते, आणि आठ दिवसांच्या बाळाच्या कातडीला ते सोसत नाही. वीस वर्षे नेसून, धुऊन, उन्हात वाळवून जे लुगडे सायीसारखे मऊ झाले, तेच दुपट्याला लायक. कडेपासून धावदोरा घालीत, एकेक फेरा आत घेत, मध्यापर्यंत यायचे. टाका फार लांब पडला तर बाळाच्या बोटात अडकतो, फार बारीक पडला तर कापड ताठर होते. हे कोणी शिकवीत नाही. आई शिवताना पाहून मुलीच्या बोटांत ते येते.

म्हणजे दुपटे हे मुळातच फाटक्याचे असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्याला आपण ‘मूळ’, ‘अस्सल’ म्हणून जपू पाहतो, तेच आधीच्या चार फाटक्या वस्त्रांची डागडुजी होय. आपल्या महाराष्ट्रात चिंधीला कमीपणा मानणारे पुष्कळ झाले. पण अंगावर चिंध्यांची गोधडी घालून गावोगाव झाडू मारीत फिरणारे गाडगे महाराजही इथलेच. १९५६ साली ते गेले. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत, आणि त्या नावात हेटाळणी नव्हती.

आता धुण्याविषयी. १८७६-७७ च्या दुष्काळात हाती घेतलेला आणि १८८० च्या दशकात पूर्ण झालेला नीरा डावा कालवा या दोन्ही तालुक्यांतून वाहतो. त्याने इथे ऊस आणला, साखर आणली, काही ठिकाणी अति पाण्याने जमिनी खारावूनही टाकल्या. आणि धुणे धुण्याला बारमाही जागा दिली. घटस्थापनेच्या आधीच्या दिवसांत कालव्याच्या कडेला अंथरुणा-पांघरुणांचे ढीग घेऊन आलेल्या बायका आजही दिसतात. आपल्या घरांत हीच धांदल नाताळच्या आधी उडते. भिजलेली गोधडी एका बाईला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून ती उलट्या दिशांना पिळायची आणि बाभळीवर किंवा बांधावर पसरायची. शहरात हे काम आता यंत्र करते.

एक घर डोळ्यांपुढे आणा. बारामती गावातले, दोन खोल्यांचे. घरातली सून औद्योगिक वसाहतीत कपडे शिवण्याच्या कारखान्यात पाळीवर जाते. पहाटे उठून डबे भरते, बाळाला सासूकडे देते, संध्याकाळी परतते. बाळाचे दुपटे तिच्या नवऱ्याच्या आजीने शिवलेले. आजी इंदापूर तालुक्यात, खेड्यावर राहते. वय ऐंशीच्या पुढे. बाळाने दुपटे खराब केले म्हणून सुनेने ते इतर कपड्यांबरोबर यंत्रात टाकले, डाग जावा म्हणून ब्लीचिंगची चिमूटभर पावडरही घातली. बाहेर आले ते एका बाजूने फाटलेले, मधले पदर सरकून गोळा झालेले, आणि एक लाल तुकडा सगळीकडे रंग सोडून बसलेला. मी हे घर कल्पिले आहे. पण अशी घरे शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

दोष कोणाचा, हा प्रश्न अशा वेळी सर्वांत आधी विचारला जातो आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा असतो. दिवसभर परक्यांच्या कपड्यांवर शिलाई मारून आलेल्या बाईने रात्री नऊ वाजता एक दुपटे हाताने वेगळे धुवायला हवे होते, असे म्हणणाऱ्याने आधी ते स्वतः का धुतले नाही, याचे उत्तर द्यावे. आपल्याकडे आठवण सगळ्या घराची असते, पण ती जपण्याचे काम बाईच्या अंगावर असते. तेवढे बोलून हा प्रश्न मी इथेच सोडतो.

फाटले का, हे मात्र समजून घ्यावे, कारण दुरुस्तीची रीत त्यातच आहे. सुताचा एक गुण चमत्कारिक आहे: चांगला सुती धागा ओला झाला की कोरड्याहून बळकट होतो. म्हणून तर दगडावर आपटून आपटूनही लुगडी वर्षानुवर्षे टिकली. पण वीस वर्षे वापरून विरलेल्या कापडाला हे बळ किती उरणार? त्यात दोन-तीन पदरांनी पाणी शोषले की दुपट्याचे वजन कितीतरी पटींनी वाढते. कालव्यावर तेच वजन दोन माणसांच्या चार हातांत वाटले जाते. यंत्राच्या गरगरण्यात ते शिवणीच्या जुन्या दोऱ्यावर येते. दोरा तुटतो, पदर सुटतात, सुटलेला पदर एका जागी गोळा होतो आणि ओढ बसून कापड फाटते. ब्लीचिंगने सुताचा धागाच खाल्ला जातो, ते निराळेच. शिवाय दुपट्यात मागाहून कोणी टेरिकॉटचा तुकडा लावला असेल तर सूत आकसते, टेरिकॉट आकसत नाही. दोघांच्या सीमेवर चुण्या पडतात, आणि फाटायला सुरुवात तिथूनच होते.

हे वाचताना शुभवर्तमानातला एक दाखला वाचकांना आठवला असेल. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही तो दिला आहे. जुन्या वस्त्राला कोऱ्या, न आकसलेल्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही. लावले तर ठिगळ आकसते, जुन्याला ओढते, आणि भोक आधीपेक्षा मोठे होते. लूक त्यात आणखी एक भर घालतो: नव्या वस्त्रातून तुकडा फाडून घेतला तर नवेही वाया जाते आणि जुन्याशी तो तुकडा जुळतही नाही. प्रवचनांतून या दाखल्याचा अर्थ बहुधा असा सांगितला जातो की नवे आणि जुने यांचा मेळ बसत नाही. प्रश्न उपासाचा होता, उत्तर त्या संदर्भात होते, आणि तो अर्थ मला मोडून काढायचा नाही. परंतु दाखला सांगणाऱ्याला शिवणकामातले काय ठाऊक होते, तेही पाहावे. ठिगळ लावूच नये, असे तो म्हणत नाही. ठिगळ लावणे हे घरोघरचे काम आहे असे धरूनच तो बोलतो. ज्या घरात कपड्याला ठिगळ लागत नाही त्या घरातल्या माणसाला हा दाखला सुचणार नाही. नाझरेथच्या त्या घरात सुई-दोरा होता, आणि तो चालवणाऱ्या बाईला कोरे कापड आधी भिजवून आकसवून घ्यावे लागते हे माहीत होते, असे मानायला मला काही अडचण वाटत नाही.

कोरे कापड आधी भिजवायचे, त्याची खळ घालवायची, ते जितके आकसायचे तितके आकसू द्यायचे, उन्हात टाकायचे, आणि मग ते जुन्याला लावायचे. आपल्या मावश्या-आत्या हे करीत आल्या आहेत. भोकाच्या अगदी कडेला टाका घालायचा नाही, कारण कडेचे कापड विरलेले असते. जिथे कापडात अजून जीव आहे तिथपर्यंत मागे जाऊन टाका घालायचा. दोरा जुन्या कापडाहून बळकट नको. बळकट दोरा स्वतः तुटत नाही, कापडाला कापतो. या सगळ्यात एक नम्रता आहे, आणि ती शिवणाऱ्याच्या स्वभावातून येण्याआधी कापडाच्या गरजेतून येते.

माणसांच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. दुपटे फाटले हे कळताच घरातला कर्ता पुरुष म्हणतो, “त्यात काय एवढं? पुण्याहून चांगलं रजईचं घेऊन येऊ.” आणि तो खरोखरच आणतो, मऊ, गुबगुबीत, त्यावर अस्वलाचे चित्र. त्याचा हेतू वाईट नसतो. पण ती रजई म्हणजे न भिजवलेले कोरे ठिगळ. ती आली की ज्या जागी एक भोक होते तिथे दोन होतात: आजीला वाटते की माझ्या कामाची किंमत दुकानात ठरली, आणि सुनेला वाटते की आता ही वस्तू माझ्या चुकीचे स्मारक म्हणून घरात राहणार. भरपाईने दुरुस्ती होत नाही, असे मला म्हणायचे नाही. शेजाऱ्याची गाय मारली तर तिची किंमत दिलीच पाहिजे, तसे जुन्या करारातच सांगितले आहे. पण ज्या वस्तूचे मोल बाजारात होत नाही, तिची भरपाई बाजारातून आणता येत नाही.

मग ठिगळ लावायचेच ठरले तर ते दिसू द्यावे की लपवावे? वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटेल. त्याच्या खोलीची कल्पना यावी म्हणून एका फार मोठ्या वस्त्राची हकीकत सांगतो.

इटलीत तुरीन येथे जे कफन जतन केले आहे, ते १५३२ च्या डिसेंबरात शाम्बेरी येथील प्रार्थनालयाला आग लागली तेव्हा जळता जळता वाचले. घडी घातलेल्या वस्त्राला अनेक ठिकाणी भोके पडली. आग विझविण्यासाठी ओतलेल्या पाण्याचे डाग आजही त्यावर आहेत. १५३४ च्या वसंतात शाम्बेरीच्या क्लेअरपंथीय धर्मभगिनींनी ते दुरुस्त केले. सुमारे दोन आठवडे त्या शिवीत होत्या. जळलेल्या जागांवर त्यांनी ठिगळे लावली आणि सगळ्या वस्त्राला मागून एक अस्तर शिवले. ते वस्त्र खरोखर कोणाचे, हा वाद निराळा. १९८८ साली झालेल्या किरणोत्सारी कार्बनच्या चाचण्यांत ते मध्ययुगातले ठरले, तो निष्कर्ष सर्वांना मान्य नाही, आणि चर्चने या बाबतीत अधिकृत निवाडा दिलेला नाही. आपला मुद्दा ठिगळांचा आहे. ती ठिगळे जवळजवळ पावणेपाचशे वर्षे तिथे होती. २००२ साली वस्त्रसंवर्धनतज्ज्ञ मेख्तिल्ड फ्लुरी-लेम्बर्ग यांच्या देखरेखीखाली ती सर्व तीस ठिगळे काढण्यात आली. त्यांच्याखाली जळलेल्या धाग्यांची भुकटी साचली होती आणि ती मूळ वस्त्राला अपाय करीत होती. ठिगळांच्या ओढीने वस्त्राला चुण्याही पडल्या होत्या. कारणे योग्यच होती. तरीही पुष्कळ अभ्यासकांनी या कामावर टीका केली, आणि ती टीका अगदीच पोकळ नव्हती.

कारण पाचशे वर्षांनी ठिगळ हे डागडुजीपुरते राहत नाही, तेही वस्त्राच्या चरित्राचा भाग होते. त्या धर्मभगिनींनी भोके अदृश्य करण्याचा प्रयत्न केला नव्हता. त्रिकोणी, चौकोनी, ढळढळीत दिसणारी ती ठिगळे होती. आग लागली होती, आम्ही होतो, आम्हांला जेवढे जमले तेवढे केले, एवढेच ती सांगत होती. ती काढणे आवश्यक होते की नव्हते, हे ठरविण्याचा अधिकार मला नाही. पण ती काढताना काहीतरी उसवले गेले, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

इटलीचेच एक विचारवंत सेझारे ब्रांडी यांनी १९६३ साली कलाकृतींच्या जीर्णोद्धारावर एक ग्रंथ लिहिला. त्यातला एक नियम घरगुती भाषेत असा सांगता येईल: दुरुस्ती दुरून पाहिली तर डोळ्याला खुपू नये, जवळून पाहिली तर तिने फसवू नये. चित्राचा उडालेला भाग असा भरावा की चित्र पुन्हा एक दिसेल, पण कोणी जवळ जाऊन पाहिले तर भरलेला भाग कोणता हे त्याला ओळखू यावे. दुपट्यालाही हा नियम लावायला हरकत नाही. लाल लुगड्याच्या भोकावर पांढरे शुभ्र मांजरपाट लावून जखमेची जाहिरात करू नये. पण रफू करणाऱ्याला पैसे देऊन ‘काही झालंच नाही’ असा देखावाही निर्माण करू नये. घरातल्याच दुसऱ्या एखाद्या जुन्या वस्त्राचा तुकडा घ्यावा. त्याला स्वतःची ओळख असते आणि मूळ कापडाच्या शेजारी तो परका वाटत नाही.

आता सर्वांत अवघड भाग. आजीला सांगायचे का?

घरात बहुधा असा सल्ला मिळतो: तिला मोतीबिंदू आहे, तिला काही दिसत नाही, वाईट वाटून घेईल, कशाला उगाच सांगायचे? असत्य कोणत्याही कारणाने क्षम्य नाही, ही संत ऑगस्टिनची कठोर भूमिका प्रसिद्ध आहे, आणि दयेपोटी बोललेल्या असत्यालाही त्याने सूट दिली नाही. आपण सामान्य माणसे तेवढ्या उंचीवर राहत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण सगळेच कधी ना कधी अर्धे सत्य बोललो आहोत. म्हणून इथे मी ऑगस्टिनचा आधार घेत नाही. मला दुसरेच कारण महत्त्वाचे वाटते. आजीपासून हे लपविले तर आपण तिचे दुःख वाचवत नाही, तिचा हक्क काढून घेतो. दुपटे तिने केलेले आहे. ते कसे सांधायचे हे तिच्याइतके कोणाला कळते? डोळ्यांना दिसत नसेल, बोटांना दिसते. ज्या बोटांनी हजारो टाके घातले त्या बोटांखालून परका टाका गेला तर तो त्यांना लगेच सापडेल, आणि मग फाटल्याचे दुःख बाजूला राहून फसवल्याचे दुःख उरेल.

आणि सांगायचे ते कसे? पायांवर लोळण घेऊन नव्हे. त्याने आजीलाच सुनेचे सांत्वन करीत बसावे लागते. सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने गावी जावे, फाटलेले दुपटे तिच्या मांडीवर ठेवावे आणि विचारावे, “आजी, हे धुण्यात असं झालं. आता कसं करायचं, ते तुम्ही सांगा.” या वाक्यात कबुली आहे, पण ती जागा अडवून बसत नाही. आजी रागावेलही. रागावण्याचा तिला अधिकार आहे. मग ती दुपटे उलटे करील, पदर चाचपील, आणि बहुधा ट्रंकेतून एखादे जुने फडके काढायला सांगेल.

असिसीच्या संत फ्रान्सिसचा झगा आजही जतन केलेला आहे. जाडाभरडा, ठिकठिकाणी ठिगळे लावलेला. मघाशी ज्यांचे नाव आले त्या फ्लुरी-लेम्बर्ग बाईंनीच त्याचीही तपासणी केली, तेव्हा त्यावरील ठिगळे संत क्लेअरच्या झग्याच्या कापडाशी जुळत असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे एकाचे फाटले तेव्हा दुसरीने स्वतःच्या अंगावरचे दिले. फ्रान्सिसने नवा झगा घेतला असता तर आज असिसीत एक बरे वस्त्र पाहायला मिळाले असते, पण क्लेअरचा हात त्यात दिसला नसता.

कापडाचा एखादा तुकडा किती मोठा भार वाहू शकतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र कोण्या संताचे नाही. लंडनमध्ये टाकून दिलेल्या अर्भकांसाठी एक आश्रम होता. १७४१ पासून तिथे मुले घेतली जाऊ लागली. पुढे मूल ओळखता यावे म्हणून त्याच्याबरोबर आलेला कापडाचा तुकडा नोंदीला जोडून ठेवीत. असे हजारो तुकडे आजही तिथल्या दप्तरात आहेत. १७६० पर्यंत १६,००० हून अधिक मुले तिथे आली; त्यांपैकी जेमतेम दीडशे परत नेली गेली. १७६७ च्या फेब्रुवारीत आलेल्या एका मुलाबरोबर चिंध्या जोडून केलेला एक छोटा तुकडा होता. त्यावर बदामाचा आकार भरलेला होता आणि तो तुकडा मधोमध कापलेला होता. उरलेला अर्धा आईजवळ राहिला. तिचे नाव सारा बेंडर. आठ वर्षे तिने तो अर्धा तुकडा सांभाळला आणि १७७५ च्या जूनमध्ये येऊन आपले मूल परत नेले. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावी मुक्तिसदनात दुष्काळातल्या अनाथ मुलींना आसरा दिला, त्या मुलींच्या अंगावर कोणकोणत्या लुगड्यांचे तुकडे असतील, असे ती हकीकत वाचताना मनात येऊन गेले. केडगाव बारामतीपासून फार दूर नाही.

त्या लंडनच्या तुकड्याने मला एका जुन्या कोड्याकडे पाहण्याची निराळी दृष्टी दिली. थिसियसच्या जहाजाचे कोडे प्लुटार्कने सांगितले आहे: एकेक कुजलेली फळी बदलत बदलत सगळे जहाज नवे झाले, तर ते तेच जहाज की दुसरे? दुपट्याचे भोक बुजवले, पुढच्या वर्षी दुसरे बुजवले, शेवटी आजीच्या टाक्यांपैकी एकही उरला नाही, तर ते आजीचे दुपटे म्हणावे का? तत्त्वज्ञ याचा कीस काढोत. इंदापूर तालुक्याला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. पळसदेव हे त्यांतलेच एक. गाव वर सरकले, घरे नवी झाली, नाव तेच राहिले. उन्हाळ्यात पाणी फारच ओसरले की पळसनाथाचे जुने दगडी मंदिर उघडे पडते आणि माणसे ते पाहायला जातात. हे गाव तेच आहे का, असे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारले तर ते काय सांगतील ते मी सांगू शकत नाही. पण तिथल्या एखाद्या आजीने बुडालेल्या घरातून आणलेल्या लुगड्याचा तुकडा नातवाच्या दुपट्याला लावला असेल, तर त्या घराचा हाताला लागेल असा तेवढाच भाग आता उरला आहे. सारा बेंडरजवळ जसा अर्धा तुकडा होता, तसाच. वस्तू तीच आहे का, यापेक्षा तिच्या तुकड्यावरून कोणी कोणाला ओळखू शकते का, हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो.

दुपटे सांधून झाले. आता ते ट्रंकेत ठेवावे, की पुन्हा बाळाच्या अंगाखाली घालावे? ‘आता हे जपून ठेवू’ असे म्हणण्याकडे सर्वांचा कल असतो आणि त्यामागे प्रेमच असते. शमुवेलाची आई हन्ना हिने आपले मूल शिलोच्या मंदिरात दिले, आणि दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे, असे पवित्र शास्त्रात सांगितले आहे. दर वर्षी, कारण मूल वाढत होते आणि आधीचा झगा त्याच्या अंगावर फाटत होता किंवा अपुरा पडत होता. ते जुने झगे हन्नाने जपून ठेवले की काय, याची कोणी नोंद केलेली नाही. यापो येथील दुर्कस वारली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवू लागल्या. त्याही, माझी अशी समजूत आहे, घरी घडी घालून ठेवलेल्या वस्तू आणून दाखवीत नव्हत्या, अंगावरच्याच दाखवीत होत्या.

ट्रंकेत ठेवलेल्या दुपट्याला कसर लागते, घडीच्या रेषेवर ते चिरते, आणि दहा वर्षांनी उघडून पाहणाऱ्याला त्यात बाळाचा वास येत नाही, डांबराच्या गोळ्यांचा येतो. म्हणून माझे मत वापरण्याच्या बाजूचे आहे. बाळ पुन्हा त्यावर दूध ओकेल, पुन्हा ते ओले करील. ते आता हाताने, थंड पाण्यात, साध्या साबणाने धुवावे. पिळू नये, दाबून पाणी काढावे. दोरीवर टांगू नये, खाटेवर पसरून सावलीत वाळवावे. सुनेला तेवढा वेळ नसतो. मग तिच्या नवऱ्याने धुवावे. दोन हात लांबीच्या कपड्याला दोन टोके धरणारे दुसरे माणूसही लागत नाही.

असे वापरून, सांधून, पुन्हा वापरून एक दिवस ते कोणत्याच ठिगळाला दाद देईनासे होते. देशावरच्या घरांत त्यावेळीही ते टाकून देत नाहीत. पुढची गोधडी भरायला घेतली की ते मधल्या पदरात घालतात आणि वरून दुसरी लुगडी चढवतात. बाळ तोपर्यंत शाळेत जाऊ लागलेले असते.